माँटिसेलोची आवक-जावक

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, काही तासांच्या अंतराने वारले. जेफरसनने लिहिलेल्या आणि अ‍ॅडम्सने काँग्रेसमध्ये लढवून मंजूर करून घेतलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे होत होती. त्यामुळे ४ जुलै २०२६ या तारखेला अमेरिकेत दोन हिशेब एकदम भरतात: जाहीरनाम्याची अडीचशे वर्षे आणि या दोन मरणांची दोनशे. अशा निमित्ताने जेफरसनविषयीचा जुना तंटा पुन्हा निघणारच होता, आणि तो निघतो आहे तोही नेहमीच्याच वळणाने. एका बाजूला त्याच्या उतारवयातल्या पत्रांमधली वाक्ये सुविचारांसारखी फळ्यावर लिहिणारे आहेत. राजकीय वैर विसरून दोन वृद्धांनी चौदा वर्षे एकमेकांना पत्रे लिहिली, यातून सभ्यतेचा धडा काढणारे आहेत. दुसऱ्या बाजूला त्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली हा आकडा पुढे ठेवून त्याची बाकी सगळी शाई ढोंगाच्या खाती मांडणारे आहेत. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या सभागृहातून त्याचा पुतळा २०२१ साली हलवला गेला, तेव्हाही हेच दोन आवाज ऐकू येत होते. पुतळा कुठे असावा याविषयी मला फारसे मत नाही. पत्रांविषयी आहे, कारण ती वाचताना दोन्ही बाजू एकच चूक करतात.

चूक अशी, की दोघेही फक्त जावक वाचतात. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, तशी जेफरसनची एक होती. १७८३ पासून १८२६ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, आलेल्या आणि गेलेल्या पत्रांची तारीखवार नोंद त्याने स्वतःच्या हाताने ठेवली. १८०४ नंतर तो पत्रे लिहीत असे ती एका यंत्रावर, ज्यात त्याच्या हातातल्या लेखणीला जोडलेली दुसरी लेखणी शेजारच्या कोऱ्या कागदावर तीच अक्षरे तशीच उमटवीत जाई. पत्र पूर्ण होताच स्थळप्रत तयार. असा माणूस भाबडेपणाने मन मोकळे करीत नसतो, तो नस्ती तयार करीत असतो. आणि नस्ती वाचायची तर दोन्ही रकाने वाचावे लागतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की जेफरसनच्या म्हातारपणाचा न्याय त्याने काय लिहिले यावरून होत नाही, ते त्याने कोणत्या पत्राच्या उत्तरात लिहिले यावरून होतो. तसे वाचले म्हणजे त्याच्या भक्तांचा सर्वांत भरवशाचा बचाव कोसळतो आणि टीकाकारांचा सर्वांत सोपा निकालही टिकत नाही.

अर्धा पत्रव्यवहार वाचल्याने काय घोटाळा होतो, याचे उदाहरण या दोघांच्या समेटाच्या पहिल्याच पत्रात आहे. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनने अ‍ॅडम्सला हरवले. मार्च १८०१ मध्ये जेफरसनच्या शपथविधीला न थांबता अ‍ॅडम्स पहाटेच राजधानीतून निघून गेला, आणि पुढची कितीतरी वर्षे दोघांत अबोला होता. फिलाडेल्फियाचा डॉक्टर बेंजामिन रश हा दोघांचाही स्नेही मध्यस्थी करीत राहिला, आणि अखेर १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्सने चार ओळी लिहिल्या. घरच्या मागावरच्या कापडाचे दोन तुकडे वेगळ्या टपालाने पाठवीत आहे, असे त्यात होते. पत्र आधी पोचले, पुडके मागे राहिले. जेफरसनने शब्द जसेच्या तसे घेतले आणि उत्तरात व्हर्जिनियातल्या घरगुती सूतकताईवर आणि विणकामावर एक माहितीपूर्ण परिच्छेद लिहून टाकला. पुढे पुडके आले तेव्हा कळले, की ते ‘कापड’ म्हणजे अ‍ॅडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याच्या वक्तृत्वशास्त्रावरील व्याख्यानांचे दोन खंड होते. सोबतचे पुडके न उघडता उत्तर देणाऱ्या जेफरसनला आपण हसतो. पण त्याची उत्तरे वाचताना आपणही पुडके न उघडताच मत देत असतो.

आधी सभ्यतेच्या धड्याविषयी. तो धडा पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. १८१२ ते १८२६ या काळात दोघांत १५८ पत्रे झाली. त्यांतली १०९ अ‍ॅडम्सची आणि ४९ जेफरसनची, यावरून कोणाला अधिक बोलायचे होते ते दिसतेच. ‘एकमेकांपुढे आपली बाजू नीट मांडल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये’, असे अ‍ॅडम्सने जुलै १८१३ मध्ये लिहिले आणि तो शब्द त्याने पाळला. गुणवंतांची नैसर्गिक अभिजातता खरोखर असते का, आणि जन्म व पैसा यांच्यापासून ती वेगळी काढता येते का, यावर १८१३ च्या शरद ऋतूत दोघांत जी जुगलबंदी झाली, ती आजही राज्यशास्त्राच्या कुठल्याही वर्गात वाचावी अशी आहे. (माझ्या मते त्यात अ‍ॅडम्स जिंकला, गुणांइतकेच रूप, कूळ आणि पैसा मते मिळवतात हे त्याला ठाऊक होते.) मनाचा मोठेपणाही खरा होता. १८२३ मध्ये अ‍ॅडम्सची काही जुनी खाजगी पत्रे कोणीतरी छापली. त्यांत जेफरसनविषयी कडवट मजकूर होता. जेफरसनने आपण होऊन लिहिले, की आयुष्याच्या संध्याकाळी असल्या जुन्या गोष्टी उकरून स्नेहात विष कालवणे आपल्याला शोभणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी, अ‍ॅडम्सच्या घरी, हे पत्र न्याहारीच्या वेळी सगळ्या कुटुंबासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ते संपताच ‘याहून चांगले पत्र कोणी कधी लिहिलेच नसेल’ असा एकच उद्गार निघाला, असे अ‍ॅडम्सने कळवले आहे. दृश्य गोड आहे आणि खरे आहे.

पण या गोडीची किंमत कोणी दिली? १८१९ ते १८२१ या काळात मिसुरीला राज्याचा दर्जा देताना तिथे गुलामगिरी चालू ठेवावी की नाही, यावर देश दुभंगला होता. २२ जानेवारी १८२१ च्या पत्रात जेफरसनने अ‍ॅडम्सला विचारले, की काँग्रेसला राज्यांतल्या लोकांची स्थिती ठरवण्याचा अधिकार आहे असे मानले, तर उद्या ती सगळ्यांना मुक्त करील. मग आमच्या गुलामांच्या हाती स्वातंत्र्य आणि सोबत खंजीर द्यायचा का? अ‍ॅडम्सने आयुष्यात एकही गुलाम बाळगला नव्हता. त्याने ३ फेब्रुवारीला उत्तर दिले, की अर्धशतकभर गुलामगिरी या देशावर काळ्या ढगासारखी लोंबकळताना मी पाहतो आहे, चिलखते घातलेली निग्रोंची सैन्ये हवेत संचलन करताना मला दिसत आली आहेत. आणि या दृश्याने मी इतका धास्तावलो, की दक्षिणेतल्या सद्गृहस्थांना मी नेहमी सांगत आलो: हा विषय मला उमगत नाही, तो तुमच्यावर सोपवतो. शेषशयनासारखा शांत वाटणारा हा संवाद इथे उघडा पडतो. अभिजाततेवर, फ्रेंच क्रांतीवर, धर्मग्रंथांवर दोघे पानेच्या पाने वाद घालतात. आणि ज्या प्रश्नावर पुढे चाळीस वर्षांनी सहा लाखांहून अधिक माणसे युद्धात मरणार होती, तो प्रश्न मात्र ‘तुमच्याकडचा’ म्हणून बाजूला ठेवला जातो. जिथे मतभेद खरोखर महाग पडला असता, तिथे मतभेद झालाच नाही. या पत्रांना सभ्य मतभेदाचा नमुना म्हणणाऱ्यांनी हे एक पत्र वगळून उरलेली १५७ पुढे करू नयेत.

आता मुख्य बचावाकडे येतो: ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता.’ हा बचाव हलका नाही, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे जमत नाही. प्रत्येक पिढी काही अन्यायांच्या बाबतीत आंधळी असते, आपलीही आहे. दोनशे वर्षांनंतरच्या उजेडात कोणालाही तपासले तर कोण टिकेल? शिवाय व्हर्जिनियाचा कायदा खरोखर आडवा येत होता. १७८२ च्या कायद्याने मालकाला गुलाम मुक्त करण्याची मोकळीक दिली खरी, पण १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्याला बारा महिन्यांत राज्य सोडणे भाग पडले. त्यात जेफरसन कर्जात बुडालेला होता. सासऱ्याकडून आलेले कर्ज, शेतीतली तूट, आणि वर एका मित्राच्या वीस हजार डॉलरांच्या हुंडीला राहिलेला जामीन, जो १८१९ च्या मंदीत त्याच्याच गळ्यात पडला. कर्जदाराचे गुलाम म्हणजे सावकाराच्या दृष्टीने तारण. हे सगळे मान्य करून मग ‘काळ’ या शब्दाचा अर्थ काय, ते पाहावे लागेल. काळ म्हणजे कोण? जेफरसनच्या नोंदवहीच्या आवक रकान्यात त्याचे एक उत्तर आहे.

त्या उत्तराचे नाव एडवर्ड कोल्स. तो माँटिसेलोच्याच, म्हणजे जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या मळ्याच्याच, परिसरातला, आल्बेमार्ल परगण्यातल्या श्रीमंत मळेवाल्याचा मुलगा, अध्यक्ष मॅडिसनचा खाजगी चिटणीस. त्याची एक ओळख सहसा सांगितली जात नाही. १८११ च्या उन्हाळ्यात कोल्स आणि त्याचा भाऊ क्विन्सीला अ‍ॅडम्सच्या घरी गेले होते; बोलता बोलता अ‍ॅडम्स म्हणाला, ‘जेफरसनवर माझे नेहमीच प्रेम होते आणि अजूनही आहे.’ हे वाक्य त्यांनीच जेफरसनपर्यंत पोचवले, आणि जेफरसनने रशला लिहिले, की मला एवढे पुरे. म्हणजे ज्या पत्रव्यवहाराचे आज गोडवे गायले जातात, त्याचे दार उघडणाऱ्यांत कोल्स होता. त्याच कोल्सने ३१ जुलै १८१४ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जेफरसनला स्वतःच्या वतीने लिहिले. वडिलांकडून वाट्याला आलेले गुलाम बाळगायचे नाहीत, असा त्याचा निश्चय झाला होता, मग त्यासाठी व्हर्जिनिया आणि सगळे आप्त सोडावे लागले तरी चालेल. जेफरसनकडे त्याचे मागणे एकच होते: हळूहळू मुक्ती देण्याची एक योजना आखा आणि आपल्या नावाचे वजन तिच्यामागे उघडपणे उभे करा. जाहीरनामा लिहिणाऱ्यानेच हे काम करावे, याहून उचित काय?

जेफरसनचे उत्तर २५ ऑगस्टचे आहे. आदल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले होते. या लोकांची बाजू न्यायाचे प्रेम आणि देशाचे प्रेम दोन्ही सारखीच मांडतात, आणि इतकी वर्षे ती व्यर्थ मांडली जावी हा आमच्यावरचा नैतिक ठपका आहे, असे त्यात तो लिहितो. फळ्यावर लिहायला हे वाक्य उत्तम. पण पुढे काय? मला हे सांगणे म्हणजे ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम याला त्याच्या मुलाचे, हेक्टरचे, चिलखत चढवायला सांगण्यासारखे आहे. हे काम तरुणांचे आहे. माझ्या प्रार्थना सोबत असतील, म्हाताऱ्याजवळ तेवढेच शस्त्र असते. आणि मग कोल्सला उपदेश, की तू मात्र आपले गुलाम आणि आपला प्रांत सोडून जाऊ नकोस, इथेच राहून हा विचार हळुवारपणे पसरव.

म्हातारपणाची ही सबब तपासून पाहण्यासारखी आहे, कारण ती तपासण्याचे साहित्य त्याने स्वतःच जपून ठेवले आहे. प्रायम तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात त्याने जळालेल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या जागी आपला संग्रह देऊ केला, आणि १८१५ मध्ये ६,४८७ खंड २३,९५० डॉलरांना विकले. ऑगस्ट १८१८ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची जागा ठरवणाऱ्या आयोगाच्या बैठकीसाठी तो ब्लू रिज डोंगरातल्या रॉकफिश गॅपला गेला आणि आयोगाचा अहवालही त्यानेच लिहिला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इमारतींचे नकाशे त्याचे, ग्रंथालयाची यादी त्याची, ब्रिटनमधून प्राध्यापक आणवण्याचा खटाटोप त्याचा, विधिमंडळाकडून पैसा काढण्याची मसलतही त्याचीच. मार्च १८२५ मध्ये विद्यापीठ उघडले तेव्हा त्याला ब्याऐंशीवे वर्ष चालू होते. बांधकामावर राबलेल्यांत गुलाम होतेच. त्याच १८२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सेस राइट या तरुण सुधारक बाईने गुलाममुक्तीच्या आपल्या वसाहतीसाठी मदत मागितली, तेव्हा त्याने लिहिले, की माझा एक पाय थडग्यात आहे आणि दुसरा उचललेला आहे, नव्या उपक्रमात मी भाग घेत नाही. ताकद नव्हती असे नाही. ताकद कुठे लावायची हे त्याने ठरवले होते, आणि तसे ठरवण्याचा हक्क त्याला होता असेही कोणी म्हणू शकेल. पण मग सबब वयाची सांगू नये.

कोल्सने २६ सप्टेंबरला दुसरे पत्र लिहिले. भाषा आदराची, पण मुद्दा नेमका: आपल्या वयाच्या पुढे गेल्यावरही डॉक्टर फ्रँकलिन तितक्याच कठीण कामात गुंतलेले होते, आणि पेनसिल्व्हेनिया गुलामगिरीच्या पापातून लवकर सुटला याचे श्रेय त्यांना आहे. तरुण माणसाने म्हाताऱ्याला दिलेले हे उदाहरण फार जिव्हारी लागणारे होते. फ्रँकलिनने स्वतः एके काळी गुलाम बाळगले होते. पण १७८७ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. मार्चमध्ये त्याने गुलामगिरीच्या समर्थकांची खिल्ली उडवणारा लेख वर्तमानपत्रात छापला, आणि एप्रिलमध्ये तो वारला. कोल्सच्या या पत्राला जेफरसनने उत्तर दिले नाही.

कोल्सने मात्र जे लिहिले ते केले. १८१९ मध्ये तो आपले गुलाम घेऊन पश्चिमेकडे निघाला, ओहायो नदीत सपाट तळाच्या होड्या प्रवाहात असतानाच त्याने त्यांना सांगितले, की तुम्ही आता मुक्त आहात, आणि इलिनॉयमध्ये पोचल्यावर प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. १८२२ मध्ये तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला, आणि तिथे गुलामगिरी कायदेशीर करण्यासाठी घटनापरिषद बोलावण्याचा घाट १८२४ च्या मतदानात उधळून लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. मग ‘काळाचा माणूस’ कोण? जेफरसन, की त्याच्याच परगण्यात, त्याच्याच वर्गात, त्याच्याच कायद्याखाली वाढलेला कोल्स? जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्राने आपल्या मालकीचे गुलाम मुक्त केले ते १७९९ मध्ये. व्हर्जिनियाच्याच रॉबर्ट कार्टरने जवळजवळ पाचशे माणसे मुक्त करायला सुरुवात केली ती १७९१ मध्ये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केले, ते आकाशातून पडलेले नव्हते. त्यांची वंशावळ कोल्सपाशी आणि फ्रँकलिनच्या अर्जापाशी जाऊन पोचते. काळ एकच होता. त्या काळाने जेफरसनला पत्र लिहिले, आणि एकदा नव्हे, दोनदा लिहिले.

एवढे वाचून जेफरसनच्या टीकाकारांना समाधान वाटेल, पण माझा त्यांच्याशीही वाद आहे. त्यांचे म्हणणे असे, की पत्रे हा धूर आहे. माणूस ओळखायचा तो शेताच्या हिशेबवहीवरून, जिथे माणसांची नावे कपड्यालत्त्याच्या आणि धान्याच्या वाटपासमोर लिहिलेली आहेत. हा आक्षेप जोरकस आहे, आणि वहीतल्या नावांना पत्रांतल्या तत्त्वांपेक्षा आधी मान द्यावा, हे मला पटते. पण धूर म्हणून पत्रे फेकली तर पुरावाच फेकला जातो. एप्रिल १८२० मध्ये जॉन होम्सला लिहिताना जेफरसन म्हणतो, की आम्ही लांडग्याला कानाने धरले आहे. धरूनही ठेवता येत नाही आणि सुरक्षितपणे सोडताही येत नाही. तराजूच्या एका पारड्यात न्याय आहे आणि दुसऱ्यात आत्मरक्षण. न्याय कुठल्या पारड्यात आहे हे त्याला अचूक माहीत होते, हे त्याच्याच हस्ताक्षरात दुसरे कुठे मिळेल? फेब्रुवारी १८२४ मध्ये जॅरेड स्पार्क्सला तो गुलामांच्या मुलांना देशाबाहेर नेऊन वसवण्याची योजना हिशेबासकट समजावतो, आणि आयांपासून तान्ही मुले तोडण्याने माणुसकीला थोडा संकोच वाटेल खरा, पण तो धरून बसणे म्हणजे चिलट गाळून उंट गिळण्यासारखे होईल, असे म्हणून पुढे जातो. हिशेबवही क्रौर्याचा परिणाम दाखवते. त्यामागचा तर्क, एका सुसंस्कृत मनात तो कसा पायरीपायरीने उतरतो, हे फक्त पत्र दाखवते. ढोंगी म्हणून त्याला निकालात काढले, की हे पाहण्याची गरजच उरत नाही, आणि मला ही सोय धोक्याची वाटते.

सुभाषिते गोळा करणाऱ्यांची अशीच एक सोय आहे. ‘बहुसंख्य माणसे पाठीवर खोगीर घेऊन जन्मलेली नाहीत, आणि मूठभर भाग्यवान टाचेला आर लावून देवाच्या कृपेने त्यांच्यावर स्वार होण्यासाठी जन्मलेले नाहीत’, हे २४ जून १८२६ च्या पत्रातले वाक्य जेफरसनचे अखेरचे शब्द म्हणून सांगितले जाते. वॉशिंग्टनच्या महापौराने पन्नासाव्या वर्धापनाचे निमंत्रण दिले होते, ते नाकारताना लिहिलेले हे पत्र. प्रतिमा त्याची नव्हे. १६८५ मध्ये फाशी जाताना रिचर्ड रम्बोल्ड या इंग्रज बंडखोराने ती वापरली होती. आणि पत्रही शेवटचे नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने परदेशातून आलेल्या वाइनच्या जकातीविषयी लिहिले. मला ही जकात आवडते. मरणाच्या दारातही माणूस माणूसच राहतो, स्मारकाचा दगड होत नाही.

तरीही या पत्रांतले काहीतरी जावक रकान्यातून निसटून फार लांब गेले, आणि इथे मराठी वाचकाला थोडे थांबावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेफरसनची दोन वचने वाचून दाखवली. पहिल्यात प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्र मानावे, बहुमताने तिने स्वतःला बांधून घ्यावे, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा अधिकार तिला परदेशातल्या लोकांना बांधण्याइतकाच, म्हणजे मुळीच नाही, असा विचार आहे. दुसऱ्यात राष्ट्राच्या उपयोगासाठी स्थापन केलेल्या संस्थांना हात लावता येत नाही, हे म्हणणे राष्ट्राच्याच विरुद्ध वापरणे हास्यास्पद आहे, असा. दोन्ही वचने म्हाताऱ्या जेफरसनच्या पत्रांतली आहेत. पहिले २४ जून १८१३ चे, जावई जॉन एप्स याला लिहिलेले, विषय सरकारी कर्ज. दुसरे २१ जुलै १८१६ चे, न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर विल्यम प्लमर याला, विषय डार्टमथ कॉलेजची जुनी सनद बदलावी की नाही. सनदेच्या त्या वादात १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कॉलेजच्या बाजूने, म्हणजे जेफरसनच्या मताविरुद्ध लागला. पण विचार मेला नाही. १८१६ च्या त्याच जुलैत सॅम्युअल कर्चेव्हलला त्याने लिहिले होते, की काही लोक संविधानाकडे हात न लावण्याच्या पवित्र वस्तूसारखे पाहतात, पण लहानपणी बसणारा कोट मोठ्या माणसाने घालावा असा हट्ट कोणी धरत नाही. हे पत्र वर्तमानपत्रांत जाऊ देऊ नकोस, अशी विनंतीही त्याने केली होती, कारण म्हातारपणी त्याला शांतता हवी होती.

बाबासाहेबांनी जेफरसनला थोर मुत्सद्दी म्हटले आणि त्याची वाक्ये आपल्या कामाला लावली: नव्या संविधानातली दुरुस्तीची तरतूद किती मोकळी आहे हे दाखवण्याच्या कामाला. जन्माने ठरणाऱ्या गुलामीविरुद्ध आयुष्य वेचलेल्या माणसाने गुलामांच्या मालकाचे वाक्य हाती घ्यावे, यात विसंगती पाहणाऱ्यांना वाचनाचा अर्थच कळलेला नाही. कोल्सने हेच तर मागितले होते: तुमचे शब्द तुमच्या वर्गाबाहेर कामाला येऊ द्या. मात्र ‘बाबासाहेबांनीही त्याला उद्धृत केले’ असे म्हणून जेफरसनला पावती फाडून देणाऱ्यांनी एप्सला लिहिलेल्या त्या पत्राचा पुढचा हिशेबही पाहावा. एका पिढीने दुसरीवर कर्ज लादू नये, असे सांगणारा हा माणूस मेला तेव्हा त्याच्यावर एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज होते. त्याच्या मृत्युपत्राने पाच माणसे मुक्त झाली, आणि १८०६ चा कायदा आडवा येऊ नये म्हणून त्यांना राज्यात राहू देण्याची विनंती त्याने विधिमंडळाला त्यातच करून ठेवली. आपल्या माणसांपुरती वाट कशी काढायची हे त्याला येत होते. उरलेल्यांपैकी १३० जणांच्या विक्रीची जाहिरात निघाली आणि जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या आवारातच लिलाव सुरू झाला. पुढच्या पिढीला बांधायचे नाही हे तत्त्व, आणि बांधली गेली ती नेमकी पुढची पिढी, फक्त दुसऱ्यांची.

मुक्त झालेल्या पाच जणांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको एडिथ, माँटिसेलोची मुख्य स्वयंपाकीण, आणि मुले मुक्त झाली नाहीत. त्यांचा लिलाव झाला. मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता. जेफरसनच्या नातवाने त्याला माँटिसेलोवर अक्षरओळख करून दिली होती. नव्या मालकाकडे पुस्तक हातात धरणे हाच गुन्हा होता, तरी त्याने लपूनछपून वाचणे-लिहिणे पुरे केले. पुढे मुक्त होऊन तो सिनसिनाटीत बाप्टिस्ट पाद्री झाला, आणि १९०० साली, पंचाऐंशीच्या घरात, पुन्हा एकदा माँटिसेलो पाहून आला. पण त्याआधी, स्वतः गुलाम असतानाच, त्याने एक कागद लिहिला होता. तो त्याची बहीण इझाबेला हिच्या नावाचा, ती मुक्त असल्याचा बनावट परवाना होता. तो जवळ ठेवून ती बॉस्टनला निसटली. माँटिसेलोवर शिकलेल्या अक्षरांतल्या त्या कागदाची स्थळप्रत कोणी ठेवली नाही.